पाकिटावरील तारीख व शेजाऱ्याचें ताट

अन्न फेंकून देणें हें पाप आहे काय? आणि मुदत टळलेलें अन्न दुसऱ्यास खावयास देणें हें पाप आहे काय? हे दोन प्रश्न आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत हल्लीं वारंवार निघतात, आणि बहुधा एकमेकांस धरूनच निघतात. आठवडी बाजारांत बिस्किटांचे पुडे, मसाल्याच्या पुड्या, तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीचे डबे कधीं कधीं निम्म्या किंमतीस मिळतात. पुडा उलटून पाहावा तों त्यावरील तारीख निघून गेलेली, किंवा दोन दिवसांवर आलेली. एक म्हणतो, 'तारीख ही श्रीमंतांची चैन आहे. आमच्या आजीनें कोठें तारीख पाहिली होती?' दुसरा म्हणतो, 'छापलेला दिवस उलटला कीं तें विष झालें.' आमच्या मतें दोघेही अर्धेंच बोलतात, आणि जें अर्धें राहिलें त्यांत अन्नापेक्षां शेजाऱ्याचा प्रश्न अधिक आहे.

प्रथम ती तारीख काय बोलते तें पाहूं. अन्नासंबंधीं आपल्या देशांत २००६ सालीं कायदा झाला, व त्याखालीं २०२० सालीं पाकिटांवरील मजकुराचे नियम ठरले. त्यांत दोन प्रकारच्या तारखा सांगितल्या आहेत. एकीस 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' म्हणतात. सांगितल्या रीतीनें ठेविलेला माल या दिवसानंतर गुणानें व सुरक्षितपणानें अपेक्षेप्रमाणें राहील असा भरंवसा नाहीं, म्हणून तो पुढें विकतां कामा नये, असा तिचा अर्थ आहे. ही तारीख छापणें सक्तीचें आहे. दुसरीस 'बेस्ट बिफोर' म्हणतात, व ती छापणें ऐच्छिक आहे. या दिवसापर्यंत मालाची चव, वास, कुरकुरीतपणा इत्यादि गुण पुरते राहतील. पुढें ते उतरतील, तथापि माल खाण्यास निर्धोक असूंही शकेल, एवढेंच ती सांगते. हा भेद खेड्यांत कोणी समजावून देत नाहीं. शब्द इंग्रजी, अक्षर मुंगीएवढें, आणि कित्येकदां 'बांधल्यापासून सहा महिने' असें लिहून हिशेब वाचणाऱ्याच्या माथीं मारलेला असतो.

शिवाय या दोन्ही तारखांच्या पोटांत एक 'जर' आहे. माल सांगितल्या रीतीनें ठेविला असेल तर! आमच्या नागपुराकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. २०१३ सालच्या मे महिन्यांत तर तो ४७ च्याही वर गेला होता. पत्र्याच्या छपराखालचें दुकान व उन्हांत उभी असलेली मालगाडी त्याहूनही तापते. ज्यानें कारखान्यांत बसून तारीख ठरविली त्यानें ती थंड व कोरड्या जागेच्या हिशेबानें ठरविली. पिशवीतल्या दुधावर छापलेला दिवस हा फ्रीजमध्यें राहिलेल्या दुधाचा दिवस होय. तीच पिशवी सकाळच्या एस. टी. च्या टपावरून दोन तास हिंडून आली असेल तर त्या दिवसाशीं तिचा संबंध राहिला नाहीं. तसेंच जो पुडा फोडला त्याची तारीख फोडतांक्षणींच बदलली. रोगजंतु साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान वाढतात, आणि मानवेल अशा उबेंत त्यांच्या कांहीं जाती वीस मिनिटांत दुप्पट होतात. वाचकांनीं बोटांवर हिशेब करावा: एकाचे चार तासांत चार हजारांवर होतात. यासाठींच या विषयाचे जाणते सांगतात कीं शिजविलेलें अन्न दोन तासांहून अधिक वेळ तसेंच बाहेर ठेवूं नये, आणि पारा ३२ अंशांच्या वर असतां एक तासाहून अधिक ठेवूं नये. आमचा उन्हाळा ३२ अंशांस थंडी म्हणतो!

आजीनें तारीख पाहिली नव्हती हें खरें. पण ती आंधळेपणानें जेवत नव्हती. आमच्या भाषेंतच पाहा. शिळें निराळें व नासलेलें निराळें. दूध नासतें, भात आंबतो, वरणास तार सुटते, शेंगदाणे खवट होतात, पिठांत जाळें धरतें, डाळीस भुंगे लागतात, भाकरीस बुरशी येते, लोणच्यावर फेस येतो. हे सारे शब्द म्हणजे पिढ्यानपिढ्यांनीं नाकानें, जिभेनें व बोटांनीं घेतलेल्या साक्षी आहेत. रात्रीची भाकर सकाळीं ताकाबरोबर खाऊन शेतावर जाणारा मनुष्य कांहीं गैर करीत नव्हता. ज्वारीची भाकर कोरडी असते, आणि पाणी नाहीं तेथें जंतूंची वाढ मंद असते. तीच रात्र ओल्या भातास किंवा मटणाच्या रश्श्यास मानवत नाहीं. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत कुरड्या, सांडगे, पापड, मुगवड्या वाळवून आमच्या आयाबाया वर्षाची बेगमी करीत व अजूनही करितात, ती याच नियमानें. पाणी काढून घेतलें, मीठ घातलें, लोणच्यावर तेलाचा थर चढविला, कीं नासविणाऱ्या जंतूंचा मार्ग बंद झाला. संत्र्यावर कोणी तारीख छापीत नाहीं. कळमन्याच्या बाजारांत तें हातानें व नाकानेंच पारखलें जातें, आणि कायद्यानेंही ताज्या फळांस तारीख मागितलेली नाहीं.

परंतु या पारखीस एक सीमा आहे, आणि ती सीमा आजीच्या काळींही होती. लेंकरें एका रात्रींत जात, कारण कळत नसे, इतकेंच. जे जंतु अन्न नासवितात ते वास, तार, फेस यांनीं आपली वर्दी देतात. जे मनुष्यास आजारी पाडितात ते पुष्कळदां कांहींच वर्दी देत नाहींत. भातांत एक जंतु असतो. त्याचीं बीजें शिजविण्यानें मरत नाहींत. भात तासन्‌तास उबेंत राहिला कीं तीं रुजतात व विष सोडितात, आणि पुन्हां तापविल्यानें तें विष जात नाहीं. स्वयंपाक करणाऱ्याच्या हातावरील गळवांतून अन्नांत जाणारा दुसरा एक जंतु आहे. त्याचेंही विष उकळीला भीत नाहीं. 'एक उकळी आणली कीं झालें' हा आमच्या घराघरांतील भरंवसा पुष्कळ ठिकाणीं खरा ठरतो व नेमका येथें फसवितो. बंद डबा फुगला असेल तर तो उघडून हुंगण्याचेंही कारण नाहीं. तो तसाच टाकावा.

१९७४ सालच्या अखेरीस काय झालें तें या संबंधांत सांगितलें पाहिजे. गुजराथेंतील पंचमहाल व राजस्थानांतील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांत अवेळीं पाऊस पडला. आदिवासी गांवांतील मका भिजला व त्यावर बुरशी चढली. लोकांनीं तो मका खाल्ला. कावीळ होऊन, पोटांत पाणी होऊन शंभरांवर माणसें मेलीं. त्या घरांतील कुत्रींही मेलीं. बुरशीनें दाण्यांत सोडिलेलें विष यकृताचा नाश करितें, आणि भाजून किंवा शिजवून तें पुरतें जात नाहीं. बुरशी त्यांस दिसत नव्हती असें नव्हे. दुसरें धान्य घरांत नव्हतें. जो मनुष्य असल्या वेळीं गरिबास 'पारख करून खा' म्हणून सांगतो, त्यानें आधीं त्याच्या कणगींत डोकावून पाहावें.

उलट पक्षीं, अन्न ताजें व स्वच्छ असलें म्हणजे तें निर्दोष असेंही नाहीं. आमच्या पूर्व विदर्भांतील लोक लाखोळीची डाळ ओळखतात. तींत कीड नसते, वास नसतो. तरी महिनोन्महिने तिच्यावरच पोट भरलें तर पाय लुळे पडूं शकतात, आणि दुष्काळांत तसें झालेलें आहे.

आतां पवित्र शास्त्राकडे वळूं. मुदतीची कल्पना त्यास परकी आहे असें कोणी समजूं नये. लेवीयाच्या सातव्या अध्यायांत शांत्यर्पणाच्या मांसाविषयीं नियम आहे: उपकारस्तुतीचा यज्ञ असेल तर मांस त्याच दिवशीं संपवावें, नवसाचा किंवा स्वखुशीचा असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालेल, तिसऱ्या दिवशीं जें उरेल तें अग्नींत जाळावें. हा नियम आम्हीं अनेकदां वाचला, पण त्यांतील एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आली असेल किंवा नसेल. तिसऱ्या दिवशींचें मांस गरिबास द्यावें, असें तेथें म्हटलेलें नाहीं. जाळावें, असें म्हटलें आहे. फिलो नांवाच्या प्राचीन यहूदी पंडितानें याचा अर्थ असा लाविला आहे कीं, मुदत इतकी थोडी ठेवण्याचा हेतु सांठवणुकीस आळा घालून तें अन्न गरजवंतांस मोकळें करणें हा होता. यज्ञ करणाऱ्यानें शेजाऱ्यास बोलवावयाचें तें ताजें असतांच बोलवावें, मग तिसरा दिवस उजाडण्यापूर्वींच भांडें रिकामें होईल. आम्हांस हा अर्थ फार पटतो.

यहोशवाच्या नवव्या अध्यायांत गिबोनच्या रहिवाशांची हकीकत आहे. त्यांनीं कोरडी, बुरसलेली भाकर बरोबर आणून आपण फार दूरचे आहों असें भासविलें, आणि इस्राएलाच्या वडिलांनीं भाकर पाहून निवाडा केला, परमेश्वरास विचारिलें नाहीं. त्यांनीं जवळच्यास दूरचें दाखविलें. आमच्या बाजारांत कालच्यास आजचें दाखविण्याची विद्या चालते. जुनी तारीख पुसून नवी मारणारा हात व ती भाकर पिशवींत भरणारा हात हे सख्खे भाऊ होत.

पण मुख्य मुद्दा याच्याही पलीकडे आहे. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या वाडवडिलांस शिळें अन्न म्हणजे काय हें पाकिटावरून शिकावें लागलें नाहीं. गांवकीचें काम करावयाचें आणि सायंकाळीं दारोदार भाकर मागावयाची. ओंजळींत पडे ती कधीं सकाळची, कधीं कालची, कधीं कोणाच्या ताटांतली. यास हक्क म्हणत. त्या हक्काचा खरा अर्थ असा होता कीं ताजें अन्न एका जातीचें व शिळें अन्न दुसऱ्या जातीचें. १९२७ सालीं महाडच्या परिषदेंत डॉक्टर आंबेडकरांनीं आपल्या लोकांस मेलेल्या जनावराचें मांस व शिळेंउष्टें सोडून देण्यास सांगितलें, तें केवळ पोटाच्या आरोग्यासाठीं नव्हे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्यांनीं प्रभुभोजनाच्या मेजापाशीं एकाच भाकरीचा तुकडा घेतला आहे, त्यांस तर हें अधिकच कळावें.

याचसाठीं पाकिटावरील तारीख आम्हांस मोलाची वाटते. ती खाणाऱ्याची जात पुसत नाहीं व खिसाही पुसत नाहीं. पाटलाच्या मुलास जी बारा तारीख, तीच मजुराच्या मुलास बारा तारीख. 'त्या लोकांना पचतें हो,' असें जें म्हणतात तें खोटें आहे. कमी पोसलेल्या लेंकरास तोच जुलाब अधिक लवकर खालीं पाडितो, आणि दवाखाना त्याच्या झोंपडीपासून अधिक दूर असतो. असें असतां मुदत टळलेल्या मालाचा ओघ कोणीकडे वाहतो? शहरांतल्या मोठ्या दुकानाकडून लहान दुकानाकडे, लहानाकडून खेड्याकडे, आणि खेड्यांतही सर्वांत गरीब वस्तीकडे. कोणी तो निम्म्या किंमतीस विकतो; कोणी तो खोक्यांत भरून दान म्हणून पाठवितो व वर आभाराच्या पत्राची वाट पाहतो. मलाखी संदेष्ट्यानें आपल्या काळच्या याजकांस खडसावून विचारिलें कीं असली लंगडी व रोगी भेट तुमचा अधिकारी स्वीकारील काय. दानाचें खोकें बांधणाऱ्यानें हाच प्रश्न स्वतःस विचारावा, आणि अधिकाऱ्याच्या जागीं आपलें धाकटें मूल कल्पावें.

येथें कोणी म्हणेल, 'आम्ही तर घरीं तारीख उलटलेलीं बिस्किटें खातों, आम्हांस कांहीं होत नाहीं.' खुशाल खावीं. मऊ पडलेलें बिस्किट, वास उडालेला मसाला, रंग फिका झालेली हळद हीं आपल्या घरीं आपल्या जबाबदारीवर संपविण्यास आमची हरकत नाहीं. तीं टाकलीं तर उगीच नासधूस होते. परंतु जो धोका मनुष्य डोळे उघडे ठेवून स्वतः पत्करतो, तो त्यास दुसऱ्यावर न सांगतां लादतां येत नाहीं. सांगून दिलें तर गोष्ट थोडी पालटते, पण पुरती पालटत नाहीं. कारण भुकेल्या मनुष्यास 'नको' म्हणण्याची मोकळीक कितीशी असते? आणि तान्ह्या मुलांच्या दुधाची भुकटी, मांस, मासे, दुधाचे पदार्थ यांच्या बाबतींत तर सांगून किंवा न सांगतां, देणें नाहींच. तेथें तारीख उलटली कीं वाद संपला.

आमच्या कांहीं बंधूंचीं किराण्याची दुकानें आहेत. त्यांची अडचण आम्ही जाणतों. वीस रुपयांच्या पुड्यावर एखाददोन रुपये सुटतात. असा एक पुडा फुकट गेला कीं दहा-बारा पुड्यांचा नफा गेला. घाऊक व्यापारी माल परत घेण्यास कुरकुरतो. तरी मुदतीनंतर विकणें हा कायद्यानें गुन्हा आहे, आणि त्याहून कठीण गोष्ट ही कीं गिऱ्हाईक बहुतेक निरक्षर आहे, या भरंवशावरच ती विक्री चालते. माल थोडा भरावा, आधीं आलेला पुढें मांडावा, महिन्याअखेर फळ्या तपासाव्या, आणि जो माल परत घेणार नाहीं त्या व्यापाऱ्याशीं तो घेण्यापूर्वींच बोलून ठेवावें. सुट्या मिठाईवर पूर्वीं कसलीच तारीख नसे. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानांनीं ताटापुढें मुदतीची पाटी लावावी असा हुकूम निघाला. २०२४ च्या डिसेंबरांत सरकारच्या अन्नविषयक संस्थेनें कारखानदारांकडून, मुदत संपलेल्या व परत आलेल्या मालाचें काय केलें, याचा तिमाही हिशेब मागविला. असा हिशेब मागावा लागतो, यावरूनच जुना माल नवें वेष्टन पांघरून परत येण्याची भीति किती आहे तें समजावें.

राहिला अन्न टाकण्याचा प्रश्न. पांच हजारांच्या भोजनानंतर प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करविले, बारा टोपल्या भरल्या, हें खरें आहे, आणि नासाडीविरुद्ध याहून मोठी साक्ष आम्हांस ठाऊक नाहीं. पण ते तुकडे त्याच सायंकाळीं गोळा झाले होते. नासाडी टाळण्याची वेळ ती: भांडें अजून ऊन असतां. चवथ्या दिवशीं आंबलेल्या भाजीकडे पाहून जी काटकसर आठवते ती काटकसर नव्हे, उशीर आहे. भुंगे लागलेली डाळ उन्हांत घालून, पाखडून, निवडून खुशाल शिजवावी. काळवंडलेला, सुरकुतलेला, कडू शेंगदाणा मात्र निवडून फेंकावा. बुरसलेली भाकर गाईस घालावी म्हणजे पुण्य होतें असें कित्येक बहिणींस वाटतें. तसें नाहीं, बुरशीचें विष गाईच्या दुधांत उतरतें व तें दूध परत आपल्याच घरीं येतें. असलें अन्न पुरून टाकावें.

उपदेशक बंधूंनीं एखाद्या रविवारीं उपासना झाल्यावर चारदोन रिकामीं पाकिटें मंडळीपुढें ठेवावीं आणि तारीख कोठें असते, तिचे शब्द कोणते, बांधल्याच्या महिन्यांत मुदतीचे महिने कसे मिळवावे, हें बायकांस व शाळेंतील मुलांस दाखवावें. अर्ध्या तासाचें काम आहे, आणि तें मुलेंच अधिक लवकर उचलतील. सुगीच्या सणाच्या व नाताळच्या प्रीतिभोजनाविषयींही एक सूचना आहे. मोठ्या डेगींत रस्सा सकाळीं दहाला उतरतो. पाहुणे व वडील मंडळी बाराला जेवतात. वाढपी, भांडीं घासणाऱ्या बाया व दूरच्या वाडीहून पायीं येणारे चाराला जेवतात, त्याच डेगींतून. डेग धगीवर कढत ठेवावी, नाहींतर त्यांच्यासाठीं दुसरी शिजवावी. खर्च वाढेल, तो मंडळीच्या हिशेबांत उघडपणें लिहावा.

कोणी विचारील, रात्रीं नवाच्या सुमारास भुकेला मनुष्य दाराशीं आला, आणि घरांत सकाळपासून तसाच राहिलेला भात तेवढा आहे, तर काय करावें? वैशाखाचे दिवस असतील तर तो त्यास देऊं नये व आपणही खाऊं नये. पिठाचा डबा उघडावा. चूल पेटलेली असली तर दोन भाकरी थापून भाजावयास पाव तास पुरतो. सोबतीस कांदा व तिखट असलें तरी चालतें. तोंवर त्यास पाणी द्यावें व ओसरीवर नव्हे, आंत बसावयास सांगावें.